कामठी रोडवरची काँक्रीटमाता

त्या वर्षीच्या चैत्रात कामठी रोडवर एक देवी हप्त्याहप्त्याने प्रकट होत होती. पाडव्याला पावलं आली, दुसऱ्या दिवशी पैंजण, तिसऱ्या दिवशी निऱ्या, चौथ्या दिवशी कंबरपट्टा. सकाळी सहाला रांग लागे आणि दहापर्यंत तिचं शेपूट पार पेट्रोल पंपापर्यंत जाई. खापरखेड्याकडे जाणारे ट्रकवाले गाडी बाजूला लावून उतरत, हात जोडत आणि घरी सांगायला काहीतरी मिळालं म्हणून खुशीत पुढे जात.

दगडातून येणाऱ्या देव्या विदर्भाला नव्या नाहीत. ही काँक्रीटमधून येत होती. तिथल्या एका कारखान्यात इमारतींच्या भिंतींना बाहेरून बसवायच्या काँक्रीटच्या तयार पाट्या ओतल्या जात. त्यातलीच एक, कोपरा फुटला म्हणून बाद केलेली पुरुषभर उंचीची पाटी, कुंपणाबाहेर कडुनिंबाला टेकवून उभी होती. भैय्याजी महाराज नारळाचा काथ्या घेऊन ती घासत, बाया वरून दूध ओतत, आणि घासलेल्या जागचं करडं सिमेंट निघून जाऊन आतून तांबूस-पांढरे, गुळगुळीत गोटे चमकायला लागत. गोट्यांची पावलं, गोट्यांच्या निऱ्या. आजूबाजूचं काँक्रीट मात्र कितीही घासा, ढिम्म हलत नव्हतं. हात लावून बघायला गेलेले शहाणेसुद्धा हात जोडून परत येत.

भैय्याजींची वाणी अखंड चालू असे. "पत्थर में से तो सगळेच देव निघतात, भक्तहो. शिमिट में से निघून दाखवा! कारीगरानं बनवायला घेतली दीवार, मातेनं बनवला दरबार!" देवीचा त्रिशूळ डाव्या हातात आणि आशीर्वादाचा हातही डावाच कसा, असं एका पेन्शनर मास्तरांनी विचारलं, तेव्हा महाराजांनी डोळे मिटून उत्तर दिलं होतं, की माता आतून बाहेर बघते आहे, म्हणून तिचं उजवं ते आपलं डावं. लोकांनी 'वा वा' केलं. हेच महाराज तीन वर्षांपूर्वी सीताबर्डीवर याच आवाजात दंतमंजन विकायचे. आवाज तोच होता, डबी बदलली होती.

नागपूरचा एप्रिल, आणि घागरीनं ओतलेलं दूध. दुपारपर्यंत तिथे असा आंबूस दर्प सुटे, की नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहता येऊ नये. माशा दुधावर, माशा हारांवर, माशा महाराजांच्या दाढीवर. दूध आणि सिमेंटच्या चुऱ्याचा करडा रबडा चरातून वाहत जाऊन एका डांबराच्या रिकाम्या पिंपात साचे. ते तीर्थ. रोग कोणताही असो, औषध तेच. लोक ते बाटल्या भरभरून घरी नेत आणि आजारी माणसांना पाजत.

गोपिकाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती त्याच कारखान्यात पाच वर्षं कामाला होती. पण महिनाभर तिला सिव्हिल लाइन्समधल्या एका नव्या सहा मजली कचेरीवर धाडलं होतं. तिथे पाट्या चढवायचं काम चालू होतं आणि चढवलेल्या पाट्यांवरचे सिमेंटचे ओघळ धुऊन काढायला हिच्याइतका साफ हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. ती परत आली ती पाचव्या दिवशी संध्याकाळी, आणि आधी इंदोऱ्याला लेकीकडे गेली.

प्रेमिला खाटेवर पडली होती. तिला क्षय होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज एक सुई आणि गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि बजावलं होतं, की एकही दिवस खंड पडता कामा नये. खंड पडला तर रोग शहाणा होतो आणि मग औषधाला जुमानत नाही. आता तिच्या ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या होत्या आणि जीभ सोलल्यासारखी लाल झाली होती. गोपिकाबाईने उशीखालचं दवाखान्याचं कार्ड काढलं. एक्केचाळीस खुणा होत्या. पाडव्यापासूनचे पाच चौकोन कोरे होते.

"सुई काहून बंद केली?" तिने जावयाला विचारलं.

रुपराव सायकलरिक्षा चालवायचा. बायकोवर जीव असलेला, साधा माणूस. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "नऊ दिवस अंगात लोखंड जाऊ द्याचं नाई, असं महाराजानं सांगितलं, आत्याबाई. एक्केचाळीस सुया टोचल्या. खोकला गेला का तिचा?"

"अन् हे तोंड?"

"तीर्थानं रोग बाहेर पडून राहिला म्हनते महाराज."

गोपिकाबाईने कोनाड्यातली तीर्थाची बाटली उघडून वास घेतला आणि दोन थेंब बोटांवर चोळले. हा बुळबुळीतपणा तिच्या हातांच्या ओळखीचा होता. सिमेंटचं पाणी. पाट्या धुताना दिवसभर हात त्यात राहिले, की संध्याकाळी बोटांची सालं निघायची. तिच्या दुखणाईत लेकीला हे पाच दिवस वाटीवाटीनं पाजलं जात होतं, आणि तेही प्रेमानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जावयाबरोबर कडुनिंबाखाली गेली. देवी गळ्यापर्यंत आली होती. गोपिकाबाईने गोटे बघितले आणि ओळखले. कन्हान नदीच्या रेतीतून ते तिनेच चाळून काढले होते, कचेरीच्या पाट्यांवर गोट्यांच्या पट्ट्या उठवायच्या होत्या म्हणून. पण त्याहून वेगळंच काहीतरी बघून ती जागच्या जागी थिजली. मध्ये एक सुतळी बांधलेली होती. महाराज प्रत्येकाला आधी वस्ती विचारत. सुतळीच्या आत घेतलेल्यांना पळीने हातावर तीर्थ मिळे. इंदोऱ्यातल्यांना सुतळीबाहेर बसवून, तांब्या उंच धरून, वरून धार सोडली जाई. आणि तिचा जावई ओंजळ करून त्या धारेखाली उकिडवा बसला होता.

छप्पन साली गोपिकाबाई कडेवर दोन वर्षांची प्रेमिला घेऊन, पांढरं लुगडं नेसून, लाखो माणसांत धम्मदीक्षेला उभी राहिली होती. ती धार ओंजळीत घ्यायची नाही, एवढ्यासाठीच उभी राहिली होती. आता तिला इतकी किळस आली, की दुधाचा आंबूस वासही काही वाटेना.

ती पुढे झाली आणि मोठ्यानं म्हणाली, की हे गुळाचं काम आहे, ती स्वतः रोज करते. भैय्याजींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाई, तू कोन्त्या वस्तीतली?"

"इंदोऱ्यातली."

"तरीच," महाराज लोकांकडे वळून म्हणाले. "आज मातेचं मुख दिसायला लागणार होतं. हिची सावली पडली. आता नवमीशिवाय मुख नाही."

एवढं पुरलं. चारसहा जण अंगावर आले. कारखान्याचा मुकादम कृष्णकांत महाराजांच्या पायाशी बसून हारांची व्यवस्था बघत होता. तो उठला आणि हिला कामावरून कमी करतो म्हणाला. रुपरावने सासूला दंडाला धरून बाहेर आणलं. तो लाजेनं काळाठिक्कर पडला होता, आणि राग महाराजांचा नव्हे, तिचा आला होता.

गोपिकाबाईने वाद घातला नाही. भाषणाचा उपयोग नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तिने एवढंच सांगितलं, "दुपारच्या सुट्टीत कारखान्यात या. मी सांगतो ते तुमच्या हातानं करा. दोन दिवसांत तुमाले काही दिसलं नाई, तर प्रेमिलाले तीर्थ मी सोता पाजीन. पन तवरोक तिले एक थेंब द्याचा नाई."

कारखान्यात नमुन्याच्या पाट्या ओतायला हातभर लांबीरुंदीचा एक लाकडी साचा होता. दुपारी कृष्णकांत देवीच्या सेवेत असताना गोपिकाबाईने तो झाडून घेतला, डब्यात गूळ दाट विरघळवला आणि कुंचला रुपरावच्या हातात दिला. साच्याच्या तळावर काय पाहिजे ते काढा म्हणाली. देव काढा, माणूस काढा, मी बघत नाही. ती खरंच पाठ करून बसली. रुपराव जन्मात कधी चित्र काढलेला माणूस नव्हता. त्याने बराच विचार करून सायकल काढली. मग तिने त्याच्याकडूनच त्यावर गोटे पसरवून घेतले, वर सिमेंट, रेती आणि खडीचा माल भरून घेतला, धुम्मसानं ठोकून घेतला. दुसऱ्या दिवशी दोघांनी साचा उलटा करून पाटी काढली. तळाकडची बाजू वर आली. करडी, सपाट, कोरी. कुठे एखादा पिवळसर डाग, तेवढंच.

"घासा आता," ती म्हणाली आणि तिने मगभर पाणी ओतलं.

रुपराव काथ्याने घासायला लागला. पहिल्या दहा हातांतच सिमेंट ओल्या राखेसारखं सुटून आलं आणि खालून गोट्यांची गोल कड उघडी झाली. मागचं चाक. दोन बोटं बाजूला त्याने जीव खाऊन घासलं. तिथे एक कणही निघाला नाही. त्याचा हात थांबला.

गोपिकाबाईने त्याला समजावून सांगितलं. गूळ लागला, की सिमेंट घट्ट धरत नाही, भुसभुशीत राहतं. म्हणून ज्या पाटीवर गोटे दाखवायचे असतात, तिच्या साच्यात तेवढ्याच जागी गुळाचं पाणी फिरवायचं, आणि पाटी निघाली, की ब्रशनं धुवायची. वरचं कातडं जातं, गोटे दिसतात. सहा महिने कचेरीच्या पाट्यांवर तिने हेच केलं होतं. लवकर धुतलं नाही आणि कोरडं झाकून ठेवलं, तर दाट गुळाचा थर कित्येक दिवस तसाच कच्चा राहतो, आणि कोणीही, केव्हाही येऊन घासावा.

रुपराव त्या चाकाकडेच बघत होता. "पन मी मागचं चाक डाव्या हाताला काढलं होतं," तो हळूच म्हणाला. "हे उजवीकडं निघालं."

"तोंड खाली करून ओतलेली पाटी उलटवली, की डावं ते उजवं होते. आमच्या पट्ट्या सरळ राहते, तिथं कोनाले समजत नाई."

त्याला त्रिशूळ आठवला. सवारी नसली, की तो स्वतःही घोटघोट घ्यायचा ती तीर्थाची लहान बाटली त्याने खिशातून काढली आणि जमिनीवर रिकामी केली. त्याच दुपारी त्याने प्रेमिलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड बघितलं, कार्ड बघितलं. जुनं कार्ड बाजूला ठेवून त्यांनी नवं घेतलं आणि पहिल्या चौकोनात पहिली खूण केली. औषध आता लागू पडेल की नाही, ते दोन महिन्यांनी कळेल म्हणाल्या.

नवमीला पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल होते, गुलाल होता, आणि नऊ दिवसांचं दूध मुरलेला चिखल होता. मुख उघडायची वेळ झाली तेव्हा रुपरावने रिक्षा सरळ सुतळीपर्यंत आणली आणि आपली पाटी उतरवून सुतळीच्या आत ठेवली.

"माह्याही पाटीत काहीतरी हाय," तो म्हणाला. "चाक निघालं. बाकीचं तुमी काढा."

पुढे बसलेल्या रुखमाबाई नावाच्या म्हातारीच्या मांडीवर तापानं मलूल झालेला नातू होता. तिने त्याला बाजूच्या बाईकडे दिलं आणि भक्तिभावानं घासायला घेतलं. दुसरं चाक आलं. मग दांडा, मग सीट, मग हँडल. गर्दी माना उंचावून बघत होती. महाराज डगमगणारे नव्हते; त्यांनी दोन्ही हात वर केले.

"वाहन! मातेनं आपलं वाहन पाठवलं!"

आधी एक पोरगी फिसकन हसली. मग ट्रकवाले हसले. देवीला सायकलवर बसवून बघायची तयारी अजून नागपूरकरांची झाली नव्हती. रुपराव हसला नाही. त्याने सरळ सांगितलं, की सायकल त्याने काढली, तीन दिवसांपूर्वी, गुळाच्या पाण्याने, आणि उजवीकडे तोंड करून काढली होती, ती उलटी निघाली. जशी मातेची निघाली.

महाराज पाखंड, पाखंड म्हणून ओरडायला लागले. तेव्हा गोपिकाबाई पुढे आली. यावेळी तिला कोणी अडवलं नाही.

"मुख अजून झाकलेलं हाय," ती म्हणाली. "कोनी पायलं नाई, मीबी नाई. पन आताच सांगून ठेवतो. क्यालेंडरात बघून काढली असन, तर नथ डाव्या नाकपुडीत काढली असन. म्हणजे उजव्या नाकपुडीत निघंल. आपल्याकडच्या कोन्या सवाष्णीनं नथ उजवीकडं घातली ते सांगा, अन् मंग घासा."

महाराज पाटीला पाठ लावून उभे राहिले. मुहूर्त टळला, आता घासलं तर गाव भस्म होईल म्हणाले. नऊ दिवस त्यांच्या शब्दावर डोलणाऱ्या माणसांनी त्यांना बाजूला सारलं, आणि पेन्शनर मास्तरांनीच काथ्या हातात घेतला. कपाळ आलं. वाकडे-तिकडे डोळे आले. नाक आलं आणि नाकाच्या बाजूला गोट्यांचं ठळक कडं आलं. उजव्या नाकपुडीत.

कृष्णकांत केव्हाच गर्दीतून मागे सरकून नाहीसा झाला होता. कारखान्याचा गूळ, कारखान्याचा साचा आणि बाद पाटी हे सगळं ज्याच्या ताब्यात होतं असा तो एकच माणूस होता, हे आता सगळ्यांच्या ध्यानात आलं. महाराजांना पळायलाही कोणी अडवलं नाही. लोकांना त्यांचा राग यायला अजून वेळ होता. आधी त्यांना स्वतःचीच शरम वाटत होती, आणि शरम लपवायला काहीजण जाता जाता त्या उलट्या नथीला हात जोडून गेले.

गोपिकाबाईला वाटत होतं, की या सगळ्यांना त्या पिंपात बुडवावं. पण ती जे बोलली ते शांतपणे बोलली.

"देव माना का नका मानू, ते तुमचं तुमच्यापाशी. पन कोनी चमत्कार दाखवला, तर हात जोडाच्या आधी एकच विचारा: हे कोन करते, कसं करते? अन् आपल्या हातानं करून पाहा. आमी अंगठेवाल्या बाया ते रोज करतो. तुमी शिकलेले लोक, तुमी नऊ दिवस काहून नाई विचारलं? ज्या पान्यानं आमच्या हाताची सालं निघते, ते पानी तुमी लेकराले पाजलं."

गर्दी पांगायला लागली. प्रेमिलाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो: ती वाचली. पण औषध तिला दुप्पट दिवस घ्यावं लागलं, आणि डावं फुप्फुस कायमचं गेलं. ते कोरे चौकोन कोणी भरून दिले नाहीत.

त्या दिवशी मात्र सगळे गेल्यावरही रुखमाबाई तिथेच बसून होती. हात सिमेंटच्या रबड्याने माखलेले, मांडीवर नातू. तिने गोपिकाबाईकडे बघून विचारलं, "मंग याले नेऊ कुठं, वं बाई?"

रुपरावने पोराला उचललं आणि दोघांना रिक्षात बसवलं. मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणाला. पायडलवर पाय ठेवताना त्याने विचारलं, की ताप किती दिवसांपासून आहे.

"पाडव्याच्या आदल्या दिवसापासून," म्हातारी म्हणाली. "दवाखान्यातच चाललो होतो गा. रस्त्यात ही रांग दिसली."